पडलेले गुण आणि नावडता मित्र

दिवाळीच्या आगेमागे अकरावीच्या पहिल्या सत्राचा निकाल लागतो आणि बऱ्याच घरांत एकाच आठवड्यात दोन शोध लागतात. दहावीला ब्याण्णव टक्के मिळवलेल्या मुलीला फिजिक्समध्ये पन्नासपैकी सतरा मिळालेत, हा पहिला. दुसरा बहुधा शेजारच्या काकू लावतात, नाहीतर चार्जिंगला लावलेल्या मोबाइलवर झळकलेला एखादा मेसेज. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, डिप्लोमा अर्धवट सोडलेला, क्लास सुटायच्या वेळी कोपऱ्यावर बाइक लावून उभा असणारा. आईबाबा मग एका बैठकीत हिशोब करून मोकळे होतात. मुलामुळे मार्क गेले, मुलगा गेला की मार्क परत येतील. मोबाइल जप्त होतो, क्लासला न्यायला-आणायला बाबा जाऊ लागतात, मैत्रिणींच्या आयांना फोन होतात.

नाशिकच्या कॉलेज रोडपासून लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्यांपर्यंत हा हिशोब असाच मांडला जातो आणि बहुतेक वेळा चुकतो. दोन प्रश्न आहेत, ते दोन म्हणूनच हाताळायला हवेत. एकत्र बांधले की मुलीला गुणांबद्दल बोलायचीही चोरी होते, कारण अभ्यासाचा विषय निघाला की पुढच्या वाक्यात ‘तो’ येणार हे तिला ठाऊक असतं. आणि मुलाबद्दल काही खटकत असेल तर तेही ती सांगत नाही, कारण सांगितलं की ‘तरी मी म्हणत होते’ हे ऐकावं लागणार.

आधी गुणांचं पाहू. अकरावी सायन्सला गुण घसरणं हे मुलगा असो वा नसो, महाराष्ट्रात सर्रास घडतं आणि त्याला ठोस कारणं आहेत. दहावीच्या टक्केवारीत सहा विषयांपैकी सर्वांत चांगले पाच धरले जातात, प्रत्येक विषयात वीस गुण शाळेच्या हातात असतात. विज्ञानाचे ४०-४० गुणांचे दोन पेपर, त्यात भौतिक, रसायन, जीव सगळं कोंबलेलं. अकरावीत याच विषयांची स्वतंत्र जाडजूड पुस्तकं होतात. राज्य मंडळाच्या फिजिक्समध्ये दुसऱ्याच धड्यात, मॅथेमॅटिकल मेथड्समध्ये, व्हेक्टर्स आणि कॅल्क्युलस येऊन बसतं. त्याच सुमाराला गणिताच्या वर्गात कॅल्क्युलस सुरूही झालेलं नसतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला हे सगळं पहिल्यांदा इंग्रजीत वाचायचं असतं. कॉलेज ‘इंटिग्रेटेड’ असेल तर कॉलेजात हजेरी नावापुरती आणि क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून नीट किंवा सीईटीची घोडदौड. दहावीला जी पाठांतराची पद्धत यशस्वी ठरली, ती इथे चालत नाही, आणि हे तिला सांगितलेलं कुणीच नसतं.

म्हणून आधी तारखा तपासाव्यात. घसरण कधी सुरू झाली आणि हा मुलगा आयुष्यात कधी आला? पुष्कळदा असं दिसतं, की जुलै-ऑगस्टच्या युनिट टेस्टमध्येच गुण गेले होते आणि मुलगा नंतर आला. यात नवल नाही. कालपर्यंत ‘हुशार मुलगी’ म्हणून ओळखली गेलेली पोर अचानक साठ जणांच्या बॅचमध्ये मागच्या बाकावर जाते. घरी, क्लासमध्ये, नातेवाइकांत प्रत्येक जण ‘किती पडले?’ एवढंच विचारतो. अशा वेळी मार्क न विचारणारा जो पहिला माणूस भेटतो, तो आवडून जातो. तो चांगला आहे की वाईट हा पुढचा भाग. पण तो गेला तर ती मागच्या बाकावरून पुढे येईल, असं मानायला आधार नाही.

मग करायचं काय? उत्तरपत्रिका घेऊन बसायचं, रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, रागावलेलं नसताना. पन्नासपैकी सतरा म्हणजे तेहेतीस गुण गेले. कुठे गेले ते पेन्सिलने लिहायचं. समजा व्हेक्टर्सच्या प्रश्नांना तिने हातच लावला नाही, तिथे बारा गेले. सात गुण एकक न लिहिल्याने, ऋण चिन्ह विसरल्याने गेले. आठ गुणांचे शेवटचे प्रश्न वेळेअभावी कोरे राहिले आणि सहा गुणांचं उत्तर तिला पाठ होतं, पण प्रश्न वेगळाच विचारला होता. आता ‘अभ्यासात लक्ष नाही’ या मोघम आरोपाच्या जागी चार छोटी कामं समोर येतात. व्हेक्टर्स पुन्हा शिकायला दोन आठवडे कुणाकडे तरी बसायचं. क्लासच्या सरांकडे नव्हे, ते पुढे गेलेले असतात. सोसायटीतल्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या ताईकडे. बाकीचं घड्याळ लावून जुने पेपर सोडवण्याचं काम. एका पेपरची अशी चिरफाड तास-दीड तासात होते, आणि त्या वेळेत त्या मुलाचं नाव एकदाही काढायचं नाही, हा त्यातला अवघड भाग.

झोपेचाही प्रश्न आहे. वयात येताना मेंदूतलं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, मेलाटोनिन उशिरा पाझरायला लागतं, म्हणून सोळाव्या वर्षी रात्री अकराच्या आधी झोप येत नाही. अमेरिकेत मेरी कार्सकाडन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन सांगते. आपल्याकडे क्लासची पहिली बॅच सकाळी साडेसहाला. त्यात रात्री एकपर्यंत चॅटिंग असेल तर मुलामुळे झोप जाते हे खरंच. पण मग नियम झोपेचा करा: साडेदहानंतर घरातले सगळे मोबाइल हॉलमधल्या टेबलावर, आईचा आणि बाबांचाही. रक्तही तपासून घ्यावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन नऊवर असलेल्या मुलीला ‘आळशी’ म्हणणाऱ्या घरांची आपल्याकडे वानवा नाही.

आता त्या मुलाकडे वळू.

नापसंतीची कारणं कागदावर लिहून पाहिली तर गंमत होते. केसांचा कट, बाइकचा आवाज, बारावीचे मार्क, बापाचा धंदा, आणि बहुतेक घरांत मोठ्याने न उच्चारलेली पण खोलीत हजर असलेली जात किंवा धर्म. हे सगळं पालकांच्या नावडीच्या खात्यात जातं. ‘सैराट’ २०१६ साली आला तेव्हा कित्येक आईबाप आपल्या मुलींना ‘बघ, असं होतं’ म्हणून दाखवायला घेऊन गेले होते. पोरीला मारणारे तिच्या घरचे असतात हे बघूनही धडा मुलीनेच घ्यायचा, हे मला तेव्हाही अजब वाटलं होतं.

धोक्याचं खातं वेगळं ठेवावं. त्यात मुलगा दिसतो कसा याला जागा नाही, तो तिच्या आयुष्याचं काय करतो याला आहे. दिवसातून दहा वेळा लाइव्ह लोकेशन मागतो का? इन्स्टाग्रामचा पासवर्ड घेतलाय का? ‘घरी आहेस तर व्हिडिओ कॉल करून दाखव’ म्हणतो का? जुन्या मैत्रिणी एकेक करून गळाल्या का, ‘ती मला आवडत नाही, तिच्याशी बोलू नकोस’ या वाक्याने? टेस्टच्या आदल्या दिवशीच भांडण का निघतं? सोडून जायचं म्हटलं की हात कापून घेण्याची धमकी देतो का? उसने पैसे, गल्ल्यातली नोट, आईची अंगठी? आणि फोटो मागतो का? कान टवकारायला यांतली दोन उत्तरंही पुरेत. यातलं काहीच नसेल, मुलगा नुसता टुकार आणि टिंगलखोर असेल, तर तो आपल्याला आवडत नाही इतकंच, आणि सोळाव्या वर्षीच्या अशा बहुतेक गोष्टी परस्पर विरून जातात.

वयातलं अंतर मात्र धोक्याच्या खात्यातच लिहावं. सोळा आणि सतरा यांत फारसं काही नाही. सोळा आणि एकवीस यांत बरंच आहे. एकविसाच्या मुलाला बरोबरीची मुलगी का सापडत नाही, हा प्रश्न मुलीला सरळ विचारता येतो. टोमणा म्हणून विचारलात तर वाया जाईल.

हे सगळं कळायचं कसं? पाळत ठेवून नाही. स्वीडनमधले हाकान स्टाटिन आणि मार्गारेट कर यांनी २००० साली चौदा वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर समज असा होता, की ज्या पालकांना मुलांबद्दल नीट माहिती असते त्यांची मुलं कमी बिघडतात, म्हणून लक्ष ठेवावं. या दोघांनी विचारलं, की ती माहिती पालकांकडे येते कुठून? उत्तर मिळालं, मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे. चौकशा आणि नियंत्रण यांचा वाटा फार कमी होता. उलट आपल्यावर सतत ताबा ठेवला जातोय असं वाटणाऱ्या मुलांची स्थिती अधिक वाईट होती. आपल्या घरांत हे उमगायला अभ्यास लागू नये. ज्या मुलीचा मोबाइल जप्त झाला तिच्याकडे आठवड्यात मैत्रिणीचा जुना हँडसेट येतो, आणि आता त्यात काय चाललंय हे घरात कुणालाच माहीत नसतं.

विरोध केला की प्रेम वाढतं, असंही लोक हमखास म्हणतात. याला आधार म्हणून १९७२ सालचा एक अमेरिकन अभ्यास दाखवला जातो. रिचर्ड ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी १४० जोडप्यांकडे पाहून पालकांच्या आडकाठीने प्रेम वाढत असल्याचं नोंदवलं आणि त्याला रोमिओ-ज्युलिएटचं नाव दिलं. २०१४ साली कॉलीन सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी तेच पुन्हा तपासलं तेव्हा तसा परिणाम सापडला नाही. आप्त आणि मित्रांना जोडीदार पसंत असेल तर नातं बळावतं, नसेल तर सैल होत जातं, असंच दिसलं. दोन्ही अभ्यास मोठ्या माणसांचे, तेही परदेशातले, तेव्हा आपल्या अकरावीतल्या पोरीला जसेच्या तसे लावू नयेत. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आईबापांच्या मताला वजन असतं. म्हणून मत गिळून बसण्याचं कारण नाही. एकदा, स्पष्ट, शांतपणे सांगावं: ‘मला हा मुलगा तुझ्यासाठी बरा वाटत नाही, कारण तो तुला मैत्रिणींपासून तोडतोय.’ आणि मग थांबावं. तेच मत रोज जेवताना वाढलं की तिची सगळी शक्ती त्याची वकिली करण्यात जाते.

सांगायची वेळही पाहावी. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ साली मुलांना, तरुणांना आणि प्रौढांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. एकट्याने खेळताना सगळे बऱ्यापैकी सारखे. मित्र शेजारी बसवले की किशोरवयीनांनी भलते धोके पत्करले, प्रौढांवर मात्र फरक पडला नाही. सोळाव्या वर्षाच्या मुलीला विचार करता येत नाही हे खोटं आहे. शांत डोक्याने ती मोठ्यांइतकाच नीट विचार करते. तो समोर उभा असतो, मैत्रिणी बघत असतात, तेव्हा तो विचार टिकत नाही. म्हणून जे ठरवायचं ते आधी, घरात, थंड डोक्याने. भेटायचं तर कुठे, किती वाजेपर्यंत, कुणाच्याही बाइकवर हेल्मेटशिवाय बसायचं नाही. आणि एक कायमचा करार: ‘कुठूनही, कितीही वाजता फोन कर, घ्यायला येऊ. त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही.’ हा करार पाळायला बापाला जड जातं. पाळला नाही तर दुसऱ्यांदा फोन येत नाही.

पहिलं बोलणं कसं होऊ शकतं? समजा आईने मेसेज पाहिला आहे आणि मुलीला ते कळलं आहे.

“तू माझे मेसेज वाचलेस?”

“वर आला तो एक वाचला. आत गेले नाही.”

“बाबांना सांगितलंस?”

“अजून नाही. पण सांगणार आहे, तुझ्यादेखत. तुझ्या पाठीमागे नाही.”

“तो वाईट नाहीये गं आई.”

“असेल. मला माहीतच नाही तो कसा आहे. तू सांग.”

इथे आईने गप्प राहायचं असतं. दोन मिनिटं, पाच मिनिटं. भाजी निवडत बसलं तर सोपं जातं, डोळ्याला डोळा भिडत नाही. मुलगी पहिल्यांदा ‘काही नाही’ म्हणेल. दुसऱ्या दिवशी रिक्षात काहीतरी सांगेल. बापांनी यातून अंग काढून घेऊ नये. ‘तू बघ काय ते’ म्हणून बायकोवर सोपवणारा आणि मग एके दिवशी एकदम आरडाओरडा करणारा बाप, हा या प्रकरणातला सर्वांत निरुपयोगी माणूस.

काही गोष्टी मात्र आडपडद्याने सांगून भागत नाही. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा मानत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली तिच्या मर्जीने आलेला शरीरसंबंधही गुन्हा ठरतो आणि एकोणीस-वीस वर्षांच्या त्या मुलाला वर्षानुवर्षांची शिक्षा होऊ शकते. संमतीचं वय खाली आणू नये, असंच विधी आयोगाने २०२३ च्या २८३ व्या अहवालात म्हटलं. मुलीला हे घाबरवण्यासाठी नव्हे, माहिती म्हणून सांगावं. आणि त्या मुलालाही, तो घरी आला तर. पालकांनी हा कायदा हत्यार म्हणून उपसण्यापूर्वी मात्र दहादा विचार करावा. एनफोल्ड या संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० या काळातले ७,०६४ निकाल तपासले. त्यांतली १,७१५, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, प्रेमसंबंधांची प्रकरणं होती. बहुतेकांत आरोपी निर्दोष सुटले, पण तोवर मुलीची वैद्यकीय तपासणी, जबाब, उलटतपासणी हे सगळं होऊन गेलेलं. जबरदस्ती, मारहाण, धमकी, फोटोंवरून छळ असेल तर मात्र क्षणाचाही विचार नको. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, ११२ ही आहेच. अठराखालच्या मुलीचे तसले फोटो बाळगणं आणि पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. मुलीने फोटो पाठवला असेल तर त्या दिवशी घरात एकच वाक्य हवं, ‘आपण बघू काय करायचं ते’. ‘का पाठवलास’ हे महिनाभराने विचारलं तरी चालतं.

दिवस गेले असतील तर डॉक्टरकडे जायला घाबरू नये. डॉक्टरला पोक्सोखाली कळवणं भाग असतं, पण २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की अल्पवयीन मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर गर्भपाताच्या प्रकरणात तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. चोरून औषधं आणण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून मराठीत या विषयावर उघड बोलायला सुरुवात केली, राणी बंग ‘तारुण्यभान’ शिबिरांतून हजारो मुलामुलींशी बोलल्या. घराघरात मात्र अजून पाळीच्या पुढे गाडी जात नाही. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतात, तिथे मुलगी एकटीही जाऊन बोलू शकते. बऱ्याच पालकांनी तो फलकसुद्धा पाहिलेला नसतो.

शहराबाहेर या गोष्टीला आणखी एक फाटा फुटतो. मुलाचं कानावर आलं की मुलीचं कॉलेज बंद आणि स्थळं सुरू. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरापूर्वी झालेलं आढळलं. त्यामागे गरिबी आहे, ऊसतोडीचं स्थलांतर आहे, आणि ‘काही भानगड व्हायच्या आत’ ही भीतीही आहे. वीस वर्षांचा टवाळ मुलगा नको म्हणून सव्वीस वर्षांचा नवरा देणं याला मार्गदर्शन म्हणता येणार नाही, आणि २००६ च्या बालविवाहविरोधी कायद्याने तो गुन्हाही आहे.

बहुतेक घरांत मात्र इतकं काही होत नाही. चार-सहा महिन्यांत मुलगाच निघून जातो, किंवा मुलीलाच कंटाळा येतो. ब्रेकअपचा आठवडा आईबाबांना सुटकेचा वाटतो, तिला नाही. गुण पुन्हा एकदा खाली येऊ शकतात. ते धरून चालावं आणि वर्गशिक्षिकेला ‘घरी जरा अडचण आहे’ इतकंच सांगून ठेवावं. ‘बरं झालं, सुटलीस’ हे वाक्य मनातच ठेवावं, सगळ्यांसमोर तर नकोच, कारण पुढच्या महिन्यात ती दोघं पुन्हा बोलायला लागली तर ती हे सांगायला आपल्याकडे येणार नाही. जेवण तुटलं, दोन आठवड्यांच्या वर खोलीबाहेर येणं बंद झालं, ‘मी नसले तरी काय फरक पडतो’ अशी भाषा आली, तर समुपदेशकाकडे जायला निकालाची वाट पाहू नये. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. तो फ्रिजवर चिकटवून ठेवला तर कुणासाठी आहे हेही सांगावं लागत नाही.